कावेरीकाठचे महासीर तळ

कर्नाटकात शिवनसमुद्रचे धबधबे उतरल्यावर कावेरी जंगलात शिरते आणि मेकेदाटूच्या घळीपर्यंत खडक-डोहांतून वाट काढत जाते. या पट्ट्यात दोड्डमकळी, भीमेश्वरी आणि गालिबोरे असे गळाच्या मासेमारीचे तीन तळ होते. इथे येणारा पाहुणा मासा खायला येत नसे. गळाला लागलेल्या महासीराचे वजन करायचे, फोटो काढायचा आणि त्याला पुन्हा नदीत सोडायचे, हा तळांचा शिरस्ता.

हा छंद साहेबी. मद्रास इलाख्यातले अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने काबिनी नदीत १२० पौंडांचा महासीर धरला. गळकऱ्यांच्या बैठकीत हा आकडा अजून निघतो. साहेब गेले तरी छंद उरला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साऊथ इंडियाने नदीचा काही भाग राखायला घेतला. १९८० मध्ये कर्नाटक सरकारची जंगल लॉजेस कंपनी निघाली आणि पुढे हे तळ तिने चालवले.

तळांची खरी मदार वाटाड्यांवर होती. त्यांतले कित्येक पूर्वी चोरून मासे मारणारे, त्यामुळे कुठल्या डोहात सुरुंग उडतो हे त्यांना अचूक ठाऊक असे. त्यांना पगार मिळू लागला आणि नदीला राखणदार मिळाले. आमिष नाचणीचे. पीठ घट्ट मळून त्याचा गोळा उकळायचा, रबरासारखा चिवट झाला की गळाभोवती थापायचा. कच्चा राहिला तर प्रवाहात विरघळतो आणि बारके मासेच तो टोचून संपवतात. मोठा मासा लागला की थेट खडकांकडे धावतो, दोर कपारीत अडकतो. मग वाटाड्या बांबूच्या गोल होडीतून जाऊन तो सोडवून आणी. दमलेला मासा हुशार होईपर्यंत काठाशी पाण्यातच ठेवत.

या तळांचे सर्वांत मोलाचे काम मात्र वहीत झाले. गालिबोरेत १९९८ ते २०१२ या काळात २३,६२० तासांच्या गळमारीत ६,१६१ महासीर धरून सोडल्याची नोंद आहे. संशोधकांनी ती तपासली तेव्हा दोन वेगळे कल दिसले. निळ्या परांचे महासीर वाढत होते आणि त्यांचे सरासरी वजन घटत होते, म्हणजे नवी पिले येत होती. सोनेरी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला कावेरीचा मूळ महासीर मात्र क्वचित लागे, आणि लागे तो मोठाच. पिले जवळजवळ नव्हतीच.

निळ्या परांचा मासा दख्खनचा. इंग्रज लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने त्याची पैदास यशस्वी केली आणि तिथली पिले देशभर गेली. महासीर वाचवायच्या प्रामाणिक इच्छेने ती कावेरीतही सोडली गेली. त्या वेळी महासीर म्हणजे महासीर, जातीचा बारकावा फारसा कोणी पाहिला नाही. कावेरीच्या माशाची ओळख ‘टॉर रेमदेवी’ अशी पक्की झाली ती २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

तोवर तळांवरचे गळ थांबले होते. १९८७ पासून हा भाग कावेरी अभयारण्यात आहे आणि वन्यजीव कायद्यात पकडणे हीसुद्धा शिकारच. सोडून देण्याच्या हेतूला त्यात सवलत नाही. अनेक वर्षे चालू राहिलेली गळमारी अखेर त्याच आधारे बंद झाली. कायद्याच्या अक्षराला हे धरून असले तरी नदीला ते महागात पडले. गळकऱ्यांच्या पैशावर चालणारा डोहांवरचा पहारा ढिला झाला, नोंदवही २०१२ मध्येच मिटली. तळ आता निसर्ग पर्यटनाचे आहेत. पाहुणे पक्षी पाहतात, होडीत बसतात. सोनेरी परांचा महासीर मुख्यतः तमिळनाडूतल्या मोयारसारख्या उपनद्यांत तग धरून आहे, तर मेकेदाटूला सुमारे ६७ टीएमसीचे धरण बांधायची कर्नाटकाची योजना दोन राज्यांच्या वादात अडकली आहे. ते झाले तर धरणाच्या वरच्या बाजूचे वाहते डोह जलाशयात जातील.