परक्या घरातलं एक वर्ष

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकी रुग्णवाहिका-चालकांच्या संघटनेनं, म्हणजे एएफएसनं, १९४७ मध्ये शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. आज अमेरिकेत असं देवाणघेवाणीचं वर्ष काढायला जे-१ व्हिसा लागतो. कार्यक्रम सुरू होताना वय १५ ते साडेअठरा असावं लागतं. मूल राहतं यजमान कुटुंबात, आणि त्या कुटुंबाला यासाठी पैसे मिळत नाहीत. त्यामुळे पाहुण्यासारखं बसून राहता येत नाही, जेवल्यावर भांडी आवरावी लागतात. (आपल्याकडच्या लाडोबांना हेच जड जातं.) रोटरी क्लबच्या अशाच वर्षभराच्या कार्यक्रमात तर बहुधा एकाहून अधिक घरांत राहावं लागतं. शाळेचं मात्र आधीच विचारून ठेवावं: तिथला डिप्लोमा मिळेलच असं नाही, आणि परतल्यावर इथली अकरावी पुन्हा करावी लागू शकते.