मुठेचे जिवाणू, मुठेचेच फेज

मुठा नदीचा उगम मुळशी तालुक्यात, वेगरे गावाच्या परिसरात. टेमघर धरणातून खाली येऊन, खडकवासला ओलांडून ती पुण्यात शिरते, आणि शहराच्या सहवासात तिच्या गाळाचे काय होते याचा हिशेब 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. नचिकेत मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाळातले जनुक तपासले, तेव्हा शहराच्या वरच्या बाजूपेक्षा शहरातल्या गाळात, जिवाणूंना प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता देणारे जनुक 30 पटीपर्यंत जास्त आढळले. अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कार्बापेनेम आणि कोलिस्टिन या औषधांना निष्प्रभ करणारे जनुकही त्यात होते. प्रक्रिया न करता नदीत सोडलेल्या सांडपाण्याचा हा प्रताप. बातमी वाईट आहेच. पण जिथे जिवाणू दाटीवाटीने राहतात, तिथे त्यांना खाऊन जगणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफेज किंवा नुसते फेज, हमखास असतात. गंगा-यमुनेचे पाणी कॉलऱ्याचे जंतू मारते, हे अर्नेस्ट हॅनकिन यांनी 1896 मध्येच नोंदवले होते. पुढे 1915 मध्ये ट्वॉर्ट आणि 1917 मध्ये देरेल यांनी स्वतंत्रपणे फेज शोधले. प्रतिजैविके हरू लागल्यावर जग पुन्हा या विषाणूंकडे वळले आहे. मात्र परदेशातल्या एखाद्या कंपनीची बाटली एक दिवस येईल आणि प्रश्न सुटेल, ही अपेक्षा मला चुकीची वाटते. फेज-उपचार स्वभावतःच स्थानिक आहे. त्याची तयारी रुग्णालयाच्या आसपासच व्हायला हवी.

याचे कारण फेजच्या निवडक भुकेत आहे. एकच प्रतिजैविक अनेक जातींच्या जिवाणूंना मारते. फेजला मात्र जिवाणूच्या पृष्ठभागावर एक ठरावीक रेणू लागतो. तो सापडला तरच फेज चिकटतो, आपला जनुकीय धागा आत सोडतो आणि अर्ध्या-एक तासात शेकडो नवे फेज जिवाणू फोडून बाहेर पडतात. क्लेबसिएला न्यूमोनिए हा आपल्या रुग्णालयांतला नेहमीचा उपद्रवी घ्या. त्याच्या अंगावर साखरेच्या रेणूंचे जाड कवच असते आणि या कवचाचे सत्तरहून अधिक प्रकार आहेत. एका कवचाला भेदणारा फेज दुसऱ्यासमोर बहुधा हतबल ठरतो. त्यामुळे ‘क्लेबसिएलावरचे फेज’ असे सरसकट औषध संभवतच नाही. रक्तपेढीत जसे गट जुळवून रक्त देतात, तसा इथे रुग्णाचा जिवाणू साठ्यातल्या फेजशी जुळवून पाहावा लागतो. साठा त्या भागातल्या जिवाणूंवर पोसलेला असेल, तर जुळणी लवकर होण्याची शक्यता अधिक.

लंडनमध्ये प्रकृती सुधारलेल्या किशोरवयीन मुलीचे उदाहरण यावर कोणी पुढे करेल. फुप्फुस-प्रत्यारोपणानंतर मायकोबॅक्टेरियम ॲबसेससने ग्रासलेल्या या मुलीवर 2018 मध्ये ज्या तीन फेजचा वापर झाला, त्यांपैकी ‘मडी’ हा दक्षिण आफ्रिकेतल्या सडक्या वांग्यावर सापडला होता. मग स्थानिकतेचा आग्रह कशाला? पण तो फेज काही वांग्यावरून थेट लंडनला गेला नाही. पिट्सबर्गमध्ये ग्रॅहम हॅटफुल यांच्याकडे, मुख्यतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे गोळा केलेला हजारो फेजचा संग्रह होता. त्यातून कामाचे निघाले जेमतेम तीन, आणि त्यांपैकी दोघांच्या जनुकांत फेरफार करावा लागला. साठा किती मोठा आणि किती नीट जपलेला हवा, हेच ही गोष्ट सांगते.

असा साठा उभा करणे हे कष्टाचे, चिकाटीचे आणि बातमीत न येणारे काम आहे. ते प्रामुख्याने पीएचडीनंतरच्या तरुण संशोधकांच्या वाट्याला येते. सांडपाण्याचा नमुना आधी फिरवून गाळ खाली बसवतात, मग 0.22 मायक्रॉनच्या छिद्रांच्या गाळणीतून काढतात; जिवाणू वर अडकतात, फेज खाली उतरतात. हा गाळीव द्रव आणि रुग्णाचा जिवाणू कोमट, पातळ आगरमध्ये मिसळून बशीवर ओततात आणि रात्रभर 37 अंशांवर ठेवतात. सकाळी बशीवर जिवाणूंची दुधाळ साय धरलेली असते. फेजने काम केले असेल तिथे तिला स्वच्छ, पारदर्शक भोके पडतात. एक भोक टोचून उचलायचे, पुन्हा वाढवायचे, पुन्हा उचलायचे, फेज निर्भेळ मिळेपर्यंत. इथपर्यंतचे काम पदवीचा विद्यार्थीही शिकतो. खरी परीक्षा पुढे आहे. फेजचा संपूर्ण जनुकसंच वाचावा लागतो, कारण काही फेज जिवाणूला न मारता त्याच्या जनुकांत दडून बसतात आणि सोबत विषाचे जनुकही नेतात. कॉलऱ्याचे विष मुळात एका फेजचेच देणे आहे. असे फेज बाद करायचे, उरलेल्यांतून फुटलेल्या जिवाणूंचे एंडोटॉक्सिन हे विष काढून टाकायचे, आणि महिन्यांनंतरही ते जोमदार आहेत का ते पाहायचे.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण युरोपातल्या ‘फेजोबर्न’ चाचणीला तोच भोवला. भाजलेल्या जखमांतल्या स्यूडोमोनासवर 12 फेजचे मिश्रण लावायचे होते. 2019 मध्ये निकाल आला तेव्हा 27 रुग्णांपुरती आटोपलेली ती चाचणी फेजच्या विरोधात गेली. नेहमीचे मलम अधिक लवकर गुण देत होते. पण मिश्रण साठवणुकीत कमकुवत झाले होते आणि रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी कमी मात्रा मिळाली होती. टीकाकार म्हणतात, हे नेहमीचेच. 1927 ते 1936 या काळात आसामात मॉरिसन यांच्या देखरेखीखाली कॉलऱ्यावर फेज वापरून झाले, नौगाँगची हबीगंजशी तुलना झाली, तरी निर्विवाद निष्कर्ष निघाला नाही. हे खरे आहे, आणि फेजच्या भाटांनी ते विसरू नये. दुसरीकडे बेल्जियमच्या पुढाकाराने झालेल्या 100 रुग्णांच्या आढाव्यात (2024) सुमारे 77 टक्क्यांची प्रकृती सुधारली. मात्र तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि बहुतेकांना प्रतिजैविकेही सुरू होती. त्यामुळे फेज प्रतिजैविकांची जागा घेतील असे म्हणणे घाईचे. सोबतीने काम करतील, हे अधिक संभवते.

जिवाणू फेजलाही दाद देईनासे होतील, हा आक्षेप सर्वांत वजनदार. ते तसे होतातच. पण त्याची किंमत त्यांना मोजावी लागते. येल विद्यापीठाच्या संशोधकांना कनेक्टिकटमधल्या एका तळ्यात सापडलेला ‘ओएमकेओ१’ हा फेज स्यूडोमोनासच्या अशा नळीला चिकटतो, जिच्यातून जिवाणू प्रतिजैविक बाहेर फेकतो. फेजपासून वाचायचे तर ही नळी बदलावी लागते, आणि ती बदलली की जुने प्रतिजैविक पुन्हा लागू पडते. अशी जोडी हेरायची तर फेज कुठे चिकटतो हे आधी माहीत हवे. म्हणजे पुन्हा तेच वेळखाऊ काम.

मुळशीत लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिसची जीवविज्ञान शाखा आणि विद्यापीठाचे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहेत. रुग्णाचा जिवाणू आणि फेजची बशी एकाच आवारात असण्याची सोय सगळीकडे नसते. अडचण आहे ती नियमांची आणि नोकरीची. औषधाचे घटक एकदा ठरले की ते बदलायचे नाहीत, या गृहीतकावर आपली परवाना-पद्धत उभी आहे. फेजचे मिश्रण तर रुग्णागणिक बदलणार. बेल्जियमने 2018 पासून यावर तोडगा काढला: प्रत्येक फेजची शुद्धता सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासायची आणि डॉक्टरच्या चिठ्ठीनुसार मिश्रण औषधनिर्मात्याने करायचे. आपल्याकडे हे आणणे अशक्य नाही. नोकरीचा पेच त्याहून अवघड. पीएचडीनंतरची शिष्यवृत्ती दोन-तीन वर्षांत संपते, संशोधक दुसऱ्या गावी जातो, आणि त्याने निवडलेले फेज उणे 80 अंशांच्या कपाटात नुसत्या सांकेतिक क्रमांकांनिशी पडून राहतात. जिवाणूंचे वाण जपणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यातच आहे. प्रत्येक शिष्यवृत्तीच्या अटींतच, शेवटचा हप्ता मिळण्यापूर्वी फेज, त्याचा यजमान जिवाणू आणि त्याचा जनुकसंच अशा सार्वजनिक संग्रहात जमा करण्याचे बंधन घातले, तर पुढच्या संशोधकाला पुन्हा नाल्यावरून सुरुवात करावी लागणार नाही.