उपकारस्तुती आधी, अर्पण नंतर : मंडळीतील दानाविषयी थोडा विचार



आजचा विषय ऐकला की निम्मे लोक मनातल्या मनात खिसा चाचपतात. 'दान' म्हटलं की पुढे वर्गणीचं पुस्तक येणार, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो, आज पावतीपुस्तक नाही. आज आपण एवढंच समजून घेणार आहोत की मंडळीत माणसं मोकळ्या हाताने केव्हा देतात, केव्हा देत नाहीत, आणि याचा उपकारस्तुतीशी काय संबंध आहे.

आधी आपल्या कोल्हापूरचीच गोष्ट बघू. १८५२ साली रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. १८७० मध्ये त्यांचं काम अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं. पुढे शाळा झाल्या, वसतिगृहं झाली, दवाखाने झाले. शेजारी मिरजेत डॉ. वानलेस यांचं इस्पितळ १८९४ ला उभं राहिलं. कोडोलीला काम वाढलं. हे सगळं कुणाच्या पैशावर? बहुतेक सातासमुद्रापलीकडच्या मंडळ्यांच्या अर्पणावर. तिकडच्या शेतकऱ्यांनी, विधवांनी, शाळकरी मुलांनी आपली नाणी थैलीत टाकली आणि त्यातून इथे आपल्या आजी-पणजी अक्षरं गिरवायला शिकल्या. याबद्दल उपकार मानावेत तेवढे थोडेच.

पण याची दुसरी बाजूही आहे. जो समाज दोन-तीन पिढ्या फक्त घेत राहतो, त्याच्या मनात हळूहळू एक वाक्य पक्कं होतं : मिशन देईल. छप्पर गळतंय? मिशन बघेल. पाळकांचा पगार? मिशन देईल. आपल्या पूर्वजांना यात दोष देऊन चालणार नाही. ख्रिस्ती झाल्यावर अनेकांचं घरदार तुटलं, भाऊबंद तुटले, हातात होतं तेही गेलं. त्यांनी द्यायचं कुठून? पण सवय सवयच असते. परिस्थिती पालटली तरी ती लगेच जात नाही.

हा प्रश्न त्या काळातही लोकांना दिसत होता. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन आणि इंग्लंडचे हेन्री व्हेन, दोघांचंही म्हणणं होतं की मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण उचलावा आणि आपली सुवार्ता आपण सांगावी. वायल्डर आणि अँडरसन यांचं मात्र जमलं नाही. शाळांवर मिशनने किती शक्ती लावावी, यावरून त्यांचा मोठा वाद झाला. आज मागे वळून बघताना वाटतं, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. शाळा नसत्या तर आपण इथे बसून हा विचार करू शकलो नसतो. आणि स्वतःच्या पायावर उभं राहण्याची गरज अँडरसननी सांगितली नसती तर ती आपल्याला फार उशिरा कळली असती.

मराठी ख्रिस्ती समाजात हा प्रश्न ज्यांनी जिवाला लावून घेतला, त्यांत रेव्ह. ना. वा. टिळक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' हा नवा प्रयत्न सुरू केला. दोनच वर्षांनी, १९१९ ला, ते गेले. त्यामुळे तो प्रयत्न किती पुढे गेला असता हे कुणी सांगू शकत नाही. पण ख्रिस्ताची भक्ती या मातीतल्या माणसाने या मातीच्या रीतीने करावी, ही त्यांची तळमळ होती. आणि या मातीची रीत काय आहे? पहिली भाकरी दारच्यासाठी काढून ठेवायची. खळ्यावरून धान्य घरी आणण्याआधी वाटा काढायचा. म्हणजे देणं आपल्याला परकं नव्हतंच कधी.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. अनुवादाच्या २६ व्या अध्यायात एक शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन येतो. गंमत अशी की तो नुसती टोपली ठेवून परत जात नाही. त्याला आधी एक गोष्ट सांगावी लागते : आमचा पूर्वज भटका होता, आम्ही परक्या देशात गुलाम होतो, देवाने आम्हाला बाहेर काढलं, ही जमीन दिली, आणि म्हणून हे पीक मी आणलं आहे. म्हणजे आधी आठवण, मग टोपली. आपण काय करतो? टोपली मागतो, आठवणीला वेळ देत नाही. उपासनेत जाहिरातींना दहा मिनिटं मिळतात, आणि उपकारस्तुतीची साक्ष 'वेळेअभावी' पुढच्या रविवारी जाते.

लूकच्या १७ व्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी आठवा. बरे दहाही झाले, परत आला एक, आणि तोही शोमरोनी. बाकीचे नऊ वाईट माणसं होती असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. ते घाईत होते, इतकंच. घरी जायची घाई कुणाला नसते? उपकार विसरायला माणूस दुष्ट असावा लागत नाही, नुसता घाईत असला तरी पुरे. म्हणून उपकारस्तुती ही मनात आपोआप उगवणारी भावना आहे असं समजून बसू नये. ती सवयीने, मुद्दाम वेळ काढून, आठवून करायची गोष्ट आहे.

मग देण्याविषयी पौल काय सांगतो? करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे ८ वा आणि ९ वा हे अध्याय घरी बसून सलग वाचा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी तो वर्गणी गोळा करतो आहे. तीन गोष्टी तिथे ठळक दिसतात. एक, तो हुकूम करत नाही. प्रत्येकाने मनात ठरवून, राजीखुशीने द्यावं असं सांगतो. दोन, जे नाही त्याचा हिशेब तो मागत नाही, जे आहे त्याच्या मानाने द्या म्हणतो. आणि तीन, पैसे एकटा नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. प्रेषिताला जर ही काळजी घ्यावीशी वाटली, तर आपल्या खजिनदाराने हिशेब दाखवण्यात कमीपणा कसला?

यातली दुसरी गोष्ट जरा उलगडून पाहू. दशांशाविषयी आपल्याकडे फार बोललं जातं. दशांश ही चांगली शिस्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आकडेमोड करून बघा. महिना १२,००० रुपये मिळवणाऱ्या घराने दशांश दिला तर १,२०० गेले आणि १०,८०० उरले. त्यात घरभाडं, शाळेची फी, म्हातारीचं औषध. महिना १,२०,००० मिळवणाऱ्याने दिला तर १२,००० गेले, पण १,०८,००० उरले. टक्का एकच, ओझं मात्र एक नाही. ज्याच्याकडे भरपूर उरतं त्याला दशांश ही सुरुवात असावी, शेवट नव्हे. आणि ज्याचं भागत नाही त्याला मंडळीने मागण्याआधी विचारावं, 'घरी सगळं ठीक आहे ना?' विधवेच्या दोन टोल्यांचं येशूने कौतुक केलं हे खरं. पण मार्कचा १२ वा अध्याय वाचताना, त्याच्या जरा आधी विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना त्याने फटकारलं आहे, हेही विसरू नये.

आता आपल्या भागातल्या मिळकतीचा विचार करू. नोकरदाराला पगार महिन्याला मिळतो. दुधावर चालणाऱ्या घराला बिल दहा दिवसांनी येतं. ऊसवाल्याचा पैसा कारखान्याच्या हंगामात येतो, तोही एकदम हातात येईल असं नाही. मजुराचा हिशेब आठवड्याच्या बाजाराला. आणि आपण सगळ्यांना एकच महिन्याचं पाकीट देतो! मग ऊसवाल्याचं पाकीट आठ महिने रिकामं दिसतं आणि यादीत त्याच्या नावापुढे शून्य पडतं. माणूस कंजूष नसतो, पाकीट चुकीचं असतं. ज्याची मिळकत जशी येते, तसं त्याला देता आलं पाहिजे.

याचं सुंदर उदाहरण मिझोरामच्या प्रेसबिटेरियन मंडळीत आहे. तिथे १९१० पासून बायका स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढतात. तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो आणि त्यातून मंडळीचं काम चालतं. डोंगराळ, गरीब मुलूख, पैसा नव्हता, पण चूल रोज पेटत होती. आपल्याकडेही मूठभर धान्य काढून ठेवणाऱ्या बाया-माणसं होती आणि आहेत. या मुठीची खरी ताकद तांदळात नाही. रोज जेवण करताना एकदा तरी आठवण होते, आपल्याला आज मिळालं आहे. म्हणजे पुन्हा तेच : आठवण आणि टोपली एकत्र.

हंगामाच्या सणाविषयी दोन शब्द. कोंबडी, नारळ, केळीचा घड, गुळाची ढेप वेदीपुढे येते, मग लिलाव होतो, हशा पिकतो, निधी जमतो. हा आनंदाचा दिवस आहे, तो बंद करावा असं कुणी म्हणणार नाही. फक्त एवढं बघावं की ज्या माउलीने परसातला एक भोपळा आणला, तिचा भोपळा कोपऱ्यात पडून राहू नये. आणि बोली लावणाऱ्यांची नावं तीन वेळा पुकारताना, ज्यांच्याकडे बोलीला पैसे नाहीत त्यांची मान खाली जाऊ नये. देणाऱ्यांची नावं आकड्यांसकट वाचून दाखवली की त्या रविवारी निधी वाढतो, पण पुढच्या रविवारी काही माणसं यायचीच बंद होतात. अशी माणसं गमावून मिळवलेला निधी महाग पडतो.

आणखी एक सावधगिरी. 'द्या म्हणजे देव दुप्पट देईल' असं सांगून मागणारे हल्ली बरेच झालेत. हे दान नव्हे, ही भिशी झाली. ज्याचं पोर बरं झालं नाही, ज्याचा धंदा बुडाला, त्याला मग वाटतं की आपलंच अर्पण कमी पडलं. उपकारस्तुती उलट दिशेने चालते. आपण मिळावं म्हणून देत नाही, मिळालं म्हणून देतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्या दिवसांत गावोगावहून भाकरीची गाठोडी आली. कुणी कुणाची जात, धर्म विचारला नाही. कोल्हापूरकराला द्यायला शिकवावं लागत नाही हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. मग मंडळीच्या थैलीपाशी हात का आखडतो? कारण पुरात गरज डोळ्यांना दिसत होती आणि भाकरी कुणाच्या पोटात गेली हेही दिसत होतं. मंडळीत बऱ्याचदा दोन्ही दिसत नाही. म्हणून हिशेब वर्षातून एकदा ऑडिटरपुढे ठेवून भागत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा १९५० चा कायदा हिशेब आणि तपासणी मागतोच, तो पाळलाच पाहिजे. पण त्याशिवाय दर तिमाहीला साध्या मराठीत एक कागद दाराजवळ लावा : इतके आले, इतके पाळकांच्या पगाराला, इतके छपराला, इतके मुलांच्या फीला, इतके आजाऱ्यांना. नावं नकोत, आकडे हवेत.

आणि मुलांना विसरू नका. आईने ऐनवेळी हातात कोंबलेलं नाणं थैलीत टाकणं म्हणजे देणं नव्हे, ती पोस्टमनगिरी झाली. त्यांच्या खाऊच्या पैशातलं, त्यांनी ठरवलेलं, एक रुपया का असेना, ते त्यांचं अर्पण. तसंच ज्याच्याकडे पैसा नाही पण हात आहेत, त्याने वायरिंग दुरुस्त केलं, एखाद्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं, तर तेही अर्पणच. मंडळीने तेही मोजावं.

तेव्हा येत्या महिन्यात एकच करून पाहू. थैली फिरण्याआधी पाच मिनिटं ठेवू. एका घराने उठून सांगावं, या महिन्यात आम्हाला काय मिळालं. मोठी साक्ष नको. पोरगी पास झाली, गाय व्याली, ताप उतरला, एवढं पुरे. त्यानंतर थैली फिरू द्या. किती जमलं याची चर्चा वर्षाने करू.