फुगू न दिलेली पोळी

भाईंदर पश्चिमेला बावन जिनालय या जैन मंदिराच्या परिसरातल्या फरसाणाच्या दुकानात शिरलं की खाकऱ्यांच्या चवडी दिसतात: मेथीचा, जिऱ्याचा, नुसता साधा. गुजराती-मारवाडी शेजारामुळे इथल्या मराठी घरांतही तो सकाळच्या चहाबरोबर रुळला आहे. पातळ, तांबूस, बोट लावताच तुटणारा. आणि आत काय? कणीक, तेलाचं मोहन, मीठ आणि पाणी. म्हणजे आपली पोळीच! मग पोळी संध्याकाळपर्यंत चिवट होते आणि खाकरा महिनाभर कुरकुरीत राहतो, हे कसं?

सगळी करामत पाण्याची. तव्यावर कणकेतल्या पाण्याची वाफ होते आणि ती मूळ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते, म्हणून पोळी टम्म फुगते. पोळीत आपण त्या क्षणाची वाट पाहतो. खाकऱ्यात तो येऊच द्यायचा नाही. अर्धकच्ची भाजलेली पातळ पोळी मंद आचेवर ठेवून लाकडी दट्ट्याने किंवा कापडाच्या घडीने दाबत फिरवत राहायचं. फुगलेला भाग तव्यापासून सुटतो आणि ओला राहतो. दाबलेला भाग सगळीकडून सारखा सुकतो. घाई केली तर कडा करपतात आणि मधला भाग दमट राहतो.

पाणी गेलं की पिठातला स्टार्च आणि ग्लुटेन काचेसारखे कडक होतात. बुरशीला वाढायला लागणारी ओलही उरत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी जैन आचाराने ही ओल ओळखली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिथे शिजवलेलं ओलसर अन्न रात्र उलटली की वर्ज्य, कारण त्यात जीव उत्पन्न होतात. कोरड्या खाद्याला मात्र मुदत मिळते आणि ती ऋतूप्रमाणे बदलते: परंपरेने हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २०, पावसाळ्यात १५. हवेतला दमटपणा थेट दिवसांत मोजलेला! भाईंदरच्या खाडीकाठच्या मिठागरांनाही हेच गणित लागू. पाणी उडवून मीठ पिकवायचं काम तिथे पाऊस आला की थांबतं.

खाताना वर तूप लावावं आणि जिराळू, म्हणजे जिऱ्याचा मसाला, भुरभुरावं. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे कुरकुरीतपणा टिकतो. दही घ्यायचं तर वाटीत वेगळं. वर ओतलं की काही मिनिटांतच खाकरा लोळागोळा होतो. पावसाळ्यात सादळला तर मंद तव्यावर थोडा वेळ ठेवा. उतरवताना तो मऊच लागेल, पण पुन्हा भाजत बसू नका. गरम असेपर्यंत तो वाकतो. जाळीवर निवला की कडक होतो, आणि मगच डब्यात भरावा.