सेंटिमीटरच्या जागी इंच

परदेशात हातपाय पसरू पाहणाऱ्या उद्योजकांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं : "आधी शेजारच्या देशात जाऊ. भाषा तीच, आवडीनिवडी त्याच, अडचण कसली?" 'टार्गेट' या अमेरिकी दुकानसाखळीलाही कॅनडाबद्दल असंच वाटलं होतं. जानेवारी २०११ मध्ये तिने 'झेलर्स' या तिथल्या साखळीच्या २२० पर्यंत जागांचे भाडेकरार १८२ कोटी ५० लाख कॅनेडियन डॉलरना घ्यायचं ठरवलं. मार्च २०१३ मध्ये ओंटारिओत पहिली दुकानं उघडली आणि वर्षअखेर त्यांची संख्या १२४ झाली. पुढच्या जेमतेम वर्षभरात कंपनीने गाशा गुंडाळायला घेतला.

कॅनडाच्या लोकांना अमेरिकी दुकान रुचलं नाही, असं यावर सर्रास म्हटलं जातं. पण सीमेलगतचे कितीतरी कॅनेडियन गाडी काढून अमेरिकेतल्या टार्गेटमध्ये खरेदीला जातच होते. आपल्या गावात टार्गेट येणार म्हणून त्यांना अप्रूप होतं. ते आले, तर फळ्या रिकाम्या. भाव अमेरिकेपेक्षा चढे, ही तक्रारही होती आणि ती रास्त होती. पण रिकाम्या फळीपुढे भावाची चर्चा कोण करणार?

मग माल कमी पडला असेल? उलट, गोदामं ओसंडत होती; जादा जागा भाड्याने घ्यावी लागली. घोळ झाला तो माहितीत. अमेरिकेतली संगणकप्रणाली कॅनेडियन डॉलर आणि फ्रेंच अक्षरं हाताळू शकत नव्हती, म्हणून कॅनडासाठी 'सॅप' या सॉफ्टवेअर कंपनीची नवी प्रणाली घेतली. तिच्यात हजारो वस्तूंची लांबी, रुंदी, उंची, किंमत असं सगळं नव्याने भरायचं होतं. नव्या, अननुभवी मुलांनी ते घाईघाईत भरलं. सेंटिमीटरच्या जागी इंच, रुंदीच्या जागी उंची, कुठे चलनच चुकलेलं. संगणकातलं खोकं आणि ट्रकमधून उतरलेलं खोकं जुळेना, की माल बाजूला पडायचा. अमेरिकेत ही माहिती ९८-९९ टक्के अचूक असायची, कॅनडात ती ३० टक्क्यांच्या आसपास होती, असं 'कॅनेडियन बिझनेस' मासिकाने २०१६ मध्ये छापलं.

त्याच वृत्तांतातला एक तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो. माल संपत आला की आपोआप नवा मागवण्याची सोय प्रणालीत होती. ती एखाद्या वस्तूपुरती बंद केली, की ती वस्तू 'संपलेल्या' मालाच्या यादीत दिसत नसे. आपल्या नावावर ठपका नको म्हणून काही कर्मचारी ती बंदच करून ठेवत. वरिष्ठांपुढचे आकडे छान, दुकानात खडखडाट.

झपाट्याने दुकानं उघडली की खर्च लवकर वसूल होतो, हाही असाच एक लाडका समज. टार्गेटच्या घाईला कारण होतं : घेतलेल्या जागा बंद राहिल्या तरी भाडं चालूच. पण त्यापायी दोन-चार दुकानं वर्षभर चालवून शितावरून भाताची परीक्षा करायला फुरसत उरली नाही. एकच चूक १२४ ठिकाणी पोचली. २०१३ या एका वर्षात कॅनडात कंपनीला ९० कोटींहून जास्त अमेरिकी डॉलरचा तोटा झाला.

मुरलेल्या कंपन्या अशा फसत नाहीत, असं कोणी म्हणालं तर वॉलमार्टकडे बोट दाखवावं. १९९७ मध्ये जर्मनीत शिरून २००६ मध्ये ती बाहेर पडली. आणि एकदा पाय मागे घेतला म्हणजे ते दार कायमचं बंद, असंही नाही. फर्निचर विकणारी आयकिया १९७४ मध्ये जपानात गेली, १९८६ मध्ये परतली, आणि २००६ मध्ये पुन्हा दुकान उघडून आजतागायत तिथे आहे.

टार्गेटच्या नव्या प्रमुखांनी, ब्रायन कॉर्नेल यांनी, हिशेब मांडला तेव्हा २०२१ च्या आधी नफ्याची चिन्हं नव्हती. १५ जानेवारी २०१५ रोजी कॅनडातून माघारीची घोषणा झाली. तोवर १३३ दुकानं झाली होती आणि तिथे कंपनीकडे सुमारे १७,६०० माणसं कामाला होती.