राखीव पैसा आणि त्याचे रक्षण: सातारा-सांगलीच्या जिल्हा परिषदांपुढील प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दुर्बल घटकांसाठी खर्च होणारा सरकारी पैसा एकाच तिजोरीतून येत नाही. निराधार, विधवा आणि वृद्ध यांचे मासिक अर्थसाहाय्य संजय गांधी निराधार अनुदान व श्रावणबाळ या योजनांतून तहसील कार्यालयामार्फत मंजूर होते, तर अनुसूचित जातींच्या वस्त्यांमधील रस्ते, गटारे आणि समाजमंदिरे जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होतात. तिसरा प्रवाह जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा असून कार्यालयीन बोलीत त्याला ‘सेस फंड’ म्हणतात. तो आकाराने लहान असला, तरी जिल्ह्याच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना ज्याच्या वाटपाचा निर्णय खऱ्या अर्थाने स्वतः घेता येतो असा पैसा मुख्यतः हाच आहे, आणि म्हणूनच त्याच्या रक्षणाचा विचार आधी व्हायला हवा.

देवराष्ट्रे येथे जन्मलेले आणि कराडला घडलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, 1961 संमत झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. पुढे शासनाच्या आदेशांनी स्वउत्पन्नातील 20 टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. रुपयातले पस्तीस पैसे असे आधीच बांधलेले असल्यामुळे रस्ते आणि इमारतींच्या मागण्यांचा रेटा कितीही वाढला तरी अर्थसंकल्प मांडताना या वाट्याला हात लावता येत नाही, ही व्यवस्थेची मोठी जमेची बाजू आहे.

मात्र टक्केवारी सुरक्षित असली म्हणजे रक्कम सुरक्षित राहते असे नाही. स्वउत्पन्नाचे मुख्य आधार म्हणजे जमीन महसुलावरील उपकर, सिंचनाच्या पाणीपट्टीवरील उपकर, ठेवींवरील व्याज आणि ग्रामीण भागातील खरेदी-विक्रीच्या दस्तांवर आकारल्या जाणाऱ्या मुद्रांक शुल्कातील हिस्सा. यांपैकी मुद्रांक शुल्क आधी राज्याच्या तिजोरीत जमा होते आणि नंतर जिल्हा परिषदेला अनुदान म्हणून मिळते, त्यामुळे ते उशिरा आले की राखीव वाटाही कागदावरच अडकतो. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतील मोठे व्यवहार या हिशेबात धरले जात नाहीत. शिवाय माण, खटाव, आटपाडी, जत अशा तालुक्यांत टंचाई जाहीर होऊन जमीन महसुलात सूट दिली जाते, तेव्हा त्यावरील उपकराचा पायाही आक्रसतो. ज्या वर्षी गरज सर्वांत अधिक, त्याच वर्षी उत्पन्नाला खीळ बसावी, हा या रचनेतला मूळ दोष आहे.

दुसरा दोष खर्चाच्या पद्धतीत आहे. डिसेंबर 2016 पासून वैयक्तिक लाभाच्या योजनांत वस्तू देण्याऐवजी पैसे थेट बँक खात्यात जमा करण्याचे धोरण आले आणि त्यामुळे निकृष्ट वस्तूंच्या घाऊक खरेदीला आळा बसला, हे मान्यच करावे लागेल. परंतु जतसारख्या तालुक्यातील एखाद्या विधवेला पिठाची गिरणी मंजूर झाली, तरी आधी पदरमोड करून किंवा उसनवारीने ती विकत घ्यायची, पावती जोडायची, पडताळणी करून घ्यायची आणि मग अनुदानाची वाट पाहायची, असा क्रम असतो. ज्यांच्यापाशी आगाऊ पैसा नाही त्यांची मंजुरी वाया जाते, निधी पडून राहतो आणि तो ‘अनुशेष’ म्हणून, म्हणजे खर्चाची राहिलेली बाकी म्हणून, पुढच्या वर्षात ढकलला जातो.

मार्च 2022 मध्ये दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात अर्थसंकल्प मंजूर झाले, पण अनुशेषाबद्दल सभागृहात उभे राहून जाब विचारणारा सदस्यच नव्हता.

राज्य पातळीवरील चित्रही निर्धास्त राहण्यासारखे नाही. 2025 मध्ये महिलांना दरमहा रक्कम देणाऱ्या लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी रुपये वळवण्यात आले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. जतच्या सीमेपलीकडे कर्नाटकाने 2013 मध्येच अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनांचा निधी कायद्याने बांधला आणि पैसा अन्यत्र वळवण्याची वाट मोकळी ठेवणारे कलम 2023 मध्ये रद्द केले. तरीही त्यानंतर हा निधी सरकारने निवडणुकीत आश्वासन दिलेल्या ‘हमी’ योजनांकडे वळवल्याचे आरोप तेथे झालेच. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने 1991 मध्ये विक्रीकर आणि वाहनकराचा ठरावीक हिस्सा काउंट्यांच्या, म्हणजे तेथील जिल्हा प्रशासनांच्या, सामाजिक सेवांना जोडून दिला. तेथे वाट्याबरोबर उत्पन्नाचा स्रोतही निश्चित झाला, आणि नेमके तेच महाराष्ट्रात अपुरे राहिले आहे.

म्हणून सातारा-सांगलीच्या आमदारांनी मुद्रांक शुल्काचा हिस्सा ठरलेल्या मुदतीत देण्याची आणि राखीव टक्केवारीला शासन निर्णयाऐवजी अधिनियमाचा आधार देण्याची मागणी विधिमंडळात अग्रक्रमाने लावून धरावी, आणि जिल्हा परिषद सदस्यांनी मार्चच्या अर्थसंकल्पीय सभेत नव्या तरतुदींवर बोलण्याआधी मागील अनुशेषाचा तालुकानिहाय हिशेब मागावा.