अम्लपित्त : गोळी कीं पथ्य ?

जेवणानंतर तासाभरानें छातींत जळजळ सुरू होते, घशाशीं आंबट पाणी येतें आणि रात्रीं आडवें होतांच पुन्हां उठून बसावें लागतें. या त्रासाला घरोघर ‘पित्त’ म्हणतात. वस्तुतः घशाशीं येणारें तें पाणी म्हणजे बहुधा जठरांतील आम्ल असतें. यकृतांतून पाझरणारें पित्त निराळें. ‘माधवनिदान’ या आयुर्वेदीय ग्रंथांत अम्लपित्ताचा ऊर्ध्वग, म्हणजे वर येणारा, असा एक प्रकार वेगळा काढला आहे. या विकाराचें मर्म त्या ‘वर येण्यांत’च आहे.

जठरांत आम्ल असणें हा रोग नव्हे. अन्नांतील प्रथिनें पचविण्यास व जंतूंचा नाश करण्यास तें हवेंच. जठराचें अस्तर तें सोसतें. अन्ननलिकेचें अस्तर सोसत नाहीं. या दोहोंच्या सीमेवर स्नायूंचें एक कडें असतें. घास उतरतांना तें उघडतें आणि लागलीच मिटतें. तें सैल पडलें, अवेळीं उघडलें किंवा भरल्या पोटाचा दाब त्याला आवरेनासा झाला, म्हणजे आम्ल वर चढतें. घर तेंच, पण दार नीट लागत नाहीं, अशी ही अवस्था आहे.

१९८८ सालीं ओमेप्राझोल हें औषध बाजारांत आलें. त्यानें व त्याच्या जातीच्या इतर गोळ्यांनीं आम्लाचा स्राव पुष्कळ कमी होतो आणि अन्ननलिकेवरील व्रण भरून येतात. परंतु दार मात्र दुरुस्त होत नाहीं. म्हणूनच गोळी थांबतांच अनेकांचा त्रास परततो व ही गोळी जन्मभर घ्यावी लागणार काय, असा प्रश्न पुढें उभा राहतो. ज्यांचा त्रास सौम्य आहे, अशा पुष्कळांना ती टाळतां येते. मात्र पथ्य म्हणजे केवळ तिखट वर्ज्य करणें, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे.

पथ्यांत ‘काय खावें’ याइतकेंच ‘किती आणि केव्हां’ यालाहि महत्त्व आहे. या विषयावरील प्रयोगांचा एक आढावा २००६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. वजन उतरविणें आणि पलंगाची उशाकडील बाजू उंच करणें, या दोन उपायांचा गुण त्यांत स्पष्ट दिसून आला. उशाकडच्या पायांखालीं ६ ते ८ इंच उंचीचे लांकडी ठोकळे द्यावे. नुसत्या उशा वाढविल्यास कंबरेंत बांक येऊन पोटावर उलट दाब पडतो. डाव्या कुशीवर निजल्यानें जठर अन्ननलिकेहून खालच्या पातळीवर राहतें. रात्रीचें जेवण आणि निजणें यांत ३ तासांचें अंतर असावें. कचेरींतून उशिरां परतून १० वाजतां पोटभर जेवणें व लगेच अंथरूण धरणें, ही शहरांतील दिनचर्या या विकाराला फार अनुकूल आहे.

तळलेले, तुपकट पदार्थ जठरांत अधिक वेळ रेंगाळतात. चहा, कॉफी, चॉकोलेट, मद्य, कांदा, टोमॅटो हे पदार्थ कित्येकांना बाधतात, सर्वांना नव्हे. थंड दुधानें क्षणभर शांति मिळते, पण थोड्या वेळानें तेंच आम्लाचा स्राव वाढवितें. पेपरमिंटची वडी गार वाटते, पण ती स्नायूंचें कडें सैल करते. यास्तव ऐकीव यादीवर विसंबूं नये. दोन आठवडे आपलें खाणें व त्रास यांची नोंद ठेवावी आणि जो पदार्थ खरोखर बाधतो, तेवढाच सोडावा.

आतां पूरक द्रव्यांविषयीं. समुद्रांतील शेवाळापासून काढलेलें आल्जिनेट जठरांतील अन्नावर तरंगता थर धरतें व आम्लाला अडवितें. त्याचा उपयोग होतो. बद्धकोष्ठ असल्यास भरपूर पाण्याबरोबर घेतलेला इसबगोल कुंथण्याचा दाब कमी करतो. ज्येष्ठमध मात्र दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढवितें व रक्तांतील पोटॅशियम घटवितें. खाण्याचा सोडा तात्काळ आराम देतो. पण त्यांतील सोडियम रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रोग्यांना अपायकारक आहे. वनस्पतिजन्य किंवा घरगुती म्हणून एखादी वस्तु निर्धोक ठरत नाहीं.

गोळी एकाएकीं टाकणें ही सर्वांत मोठी चूक. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका प्रयोगांत १२० निरोगी माणसें घेतलीं होतीं. त्यांतील ज्यांना ८ आठवडे अशी गोळी दिली, त्यांपैकीं शेंकडा ४४ जणांना ती बंद केल्यावर जळजळीसारखा त्रास झाला. ज्यांना नुसती पोकळ गोळी दिली होती, त्यांत हें प्रमाण शेंकडा १५ होतें. दाबून ठेवलेला स्राव उसळून येतो, आणि रोग बळावला असें वाटून माणूस पुन्हां गोळीकडे वळतो. म्हणून पथ्य आधीं अंगवळणीं पाडावें आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्यानें मात्रा हळूहळू उतरवावी.

अन्ननलिकेला व्रण झाले असतील किंवा तिचें अस्तर पालटलें असेल, तर मात्र औषध सोडूं नये. घास अडकणें, अकारण वजन घटणें, रक्ताची उलटी, काळी शौचास होणें, पंडुरोग, यांपैकीं कांहींहि दिसल्यास पथ्याचे प्रयोग करीत बसूं नये. छातींतील कळ हातांत किंवा जबड्यांत उतरली, घाम सुटला, तर तें ‘पित्त’ न समजतां तत्काळ रुग्णालय गांठावें. इतरांनीं आज रात्रींपासून आरंभ करावा : जेवण लवकर, दोन घास कमी, आणि उशाकडची बाजू उंच.